कच्च्या टाक्यांचा कोट

बाबा, तुम्ही माझ्यासाठी शिवायला घेतलेला कोट मी शेवटी दुसऱ्याच्या हाती दिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्हाला प्रस्तावना आवडत नसे. गिऱ्हाईक दुकानात शिरून भाच्याच्या लग्नाची हकीकत सांगायला लागलं की तुम्ही गळ्यातली टेप काढून म्हणायचात, "भाई, पहले हाथ ऊपर करो." तर कोट तोच, काळपट निळ्या लोकरीचा, एकाच बाहीचा, पांढऱ्या कच्च्या टाक्यांवर उभा असलेला. शारजातल्या रोल्लात तुमची खोली होती, तिथून तो माझ्याबरोबर दुबईत करामाच्या फ्लॅटमध्ये आला, तिथून इथे जुमेरा लेक टॉवर्समध्ये. तुमची सून म्हणते, आपल्या घरात हा एक भाडं न देणारा पाहुणा आहे, त्याला कपाटातली सगळ्यात चांगली जागा लागते. ती तसं म्हणते आणि दर पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, इथे तर फक्त दमटपणा असतो, त्याच्या खिशात डांबराच्या नव्या गोळ्या टाकते.

तुम्ही शब्द दिलात तेव्हा मी शाळेत होतो. तुम्ही सुट्टीवर वसईला आला होतात, वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर बसून केळीच्या सोपाने बूट पुसत होतात, आणि आईने कौतुकाने सांगितलं की हा वकील व्हायचं म्हणतोय. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत, जसं तुम्ही कुणाकडेही बघायचात, आणि म्हणालात, "हो वकील. कोट मी शिवणार. रेडिमेड अंगाला लावायचा नाही." एवढंच. मी कितीतरी वर्षं ते वाक्य शाळेत, कॉलेजात, लॉच्या परीक्षांना खिशात घेऊन फिरलो. दुसरं काही नव्हतंच हो माझ्याकडे तुमचं. बाकीच्या पोरांना बाप मारायचे, अभ्यासाला बसवायचे, बाजारात न्यायचे. मला बाप होता तो दोन वर्षांतून एकदा सुटकेस घेऊन येणारा, पहिले आठ दिवस ज्याच्याशी काय बोलावं ते कळायचं नाही, आणि जरा कळायला लागलं की विमानतळावर सोडायला जायचं असा. मला तुमची आठवण येते असं मी म्हणतो तेव्हा बायको विचारते, कसली आठवण, तुम्ही एकत्र राहिलात कुठे? बरोबर विचारते ती. म्हणून तर येते.

एकत्र राहिलो ते एकच हिवाळा. निकाल लागला आणि तुम्ही मला व्हिजिट व्हिसावर शारजाला बोलावलंत, नोकरी बघायला. रोल्लातलं तुमचं दुकान मी पहिल्यांदा बघतोय ते अजून तसंच दिसतं. अरुंद, लांबोळकं, पुढे काचेमागे दोन पुतळे, एकाला मुंडी नाही, मागे तुमचं बेतायचं टेबल, आणि वरच्या मजल्यावर तुमची नि तुमच्या कानपूरच्या कारागिराची खोली. मी येणार म्हणून तुम्ही एक गादी वाढवली होती. त्या पहिल्या शुक्रवारी, तेव्हा सुट्टी शुक्रवारचीच असायची, तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत, एका ठाणातून लोकर उलगडलीत आणि म्हणालात, "उभा राहा." मी उभा राहिलो. तुम्ही माझ्या पाठीवरून टेप फिरवलीत, मनगट धरून हात वाकवलात, हनुवटीखाली दोन बोटं घालून मान वर केलीत. बाबा, त्याआधी तुम्ही मला शेवटचा हात कधी लावला होतात, मला आठवत नाही. दहा वर्षांचा असेन कदाचित. मी एवढा मोठा घोडा तिथे श्वास रोखून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, मापं लवकर संपू नयेत.

नंतर प्रत्येक शुक्रवारी ट्रायल. सकाळी मी तो टाक्यांचा कोट अंगात घालायचा, तुम्ही तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरायचं. टाचण्या तोंडात असल्या की तुम्ही बोलायचात, एरवी नाही. दातांच्या फटीतून, अर्धे शब्द गिळत. तुम्ही या गावात आलात तेव्हा रोल्लात काय होतं ते सांगितलंत, पहिल्या उन्हाळ्यात गच्चीवर ओलं फडकं अंगावर घेऊन झोपायचात ते सांगितलंत, आईशी लग्न ठरलं तेव्हा तिच्या भावाने तुमची परीक्षा म्हणून चर्चला घालायची पँट शिवून मागितली आणि तुम्ही मुद्दाम कमरेत घट्ट शिवलीत तेही सांगितलंत. ते सांगताना हसलात आणि एक टाचणी खाली पडली. मग खडूने खांद्यावर रेघ मारायची, पुटपुटायचं, "हं, शोल्डर बसत नाही अजून," आणि सगळे टाके ओढून काढायचे. त्यानंतर विजेच्या शेगडीवर सुक्या बोंबलांचं कालवण, कारागीर नमाजाहून आला की तिघांनी जेवायचं. तो म्हणायचा, मास्टर, इतनी मिर्ची में तो अल्लाह याद आता है. तुम्ही म्हणायचात, अच्छा है ना, तेरा जुम्मा पक्का हो गया.

मला मात्र घाई होती. जाहिरातींना अर्ज करत होतो, मुलाखतीला घालायला कोट नव्हता. एकदा मी न विचारता तो तसाच अंगावर चढवून आरशासमोर उभा राहिलो, तर तुम्ही असे ओरडलात की बाहेरचा चहावाला आत डोकावला. "अर्धा कोट घालून बाहेर पडायचं नाही! लोक म्हणतील, शिंप्याने स्वतःच्या पोराला उसवून पाठवलं." मग मी विचारलं, चिडूनच, की होणार कधी? तुम्ही म्हणालात, "होईल. इन्शाल्ला." आणि मार्चच्या सुरुवातीला एका साध्या कामाच्या दिवशी, कुणाचा तरी सफारी बेतत असताना, तुम्ही कात्री टेबलावर ठेवलीत आणि खुर्चीत बसलात. कारागीर म्हणतो, तुम्ही पाणी मागितलंत. मी तेव्हा दुबईत एका ऑफिसच्या लाउंजमध्ये नंबर लागायची वाट बघत होतो. तुम्हाला वसईला नेलं, तुमच्याशेजारी आता आईही आहे. ती नोकरी मला लागली, मुलाखतीला मी एका मित्राचा रेडिमेड कोट घातला होता. तुम्हाला ते कळलं नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

काम माझं करारांचं. कोर्टात उभा राहणारा वकील मी इथे नाही, तो मान इथल्यांचा; मी कागद बनवतो, वाचतो, लोकांना त्यांनी कशावर सही केली ते समजावतो. ऑफिसात नवी पोरं आली की त्यांना पहिल्या दिवशी पाठ देतो तो माझा ठरलेला आहे. म्हणतो, इथला दिवाणी कायदा एका प्रश्नावर उभा आहे: एक माणूस दुसऱ्याला बांधला जातो तो कशाने? कराराने जातो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकट्याने दिलेल्या शब्दानेही जाऊ शकतो. कुणाचं नुकसान केलं तर भरून द्यायला बांधला जातो, आणि दुसऱ्याचं काही कारण नसताना आपल्याकडे आलं तर परत द्यायलाही. मग सांगतो की बांधलेल्याने शब्द पाळायचा तो नुसता अक्षराला धरून नाही, सचोटीने पाळायचा. आणि शब्दाचा अर्थ लावताना शब्दांना चिकटून बसू नका, बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते शोधा. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मधेच फोन आला तरी वाक्य तुटत नाही.

आणि घरी कपाटात तुमचा कोट. मला त्या पाठाचं एक कलम फार आवडायचं, ते मी कुणाला न सांगता स्वतःपुरतं वापरायचो. ज्याचा हात बघून काम दिलं, त्याच्याच हातून ते करून घ्यायचा हक्क घेणाऱ्याला असतो. दुसरा कुणी करायला आला तर तो नको म्हणू शकतो. तुमचा कारागीर, आता करामात त्याचं स्वतःचं ऑल्टरेशनचं दुकान आहे, दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचा आणि विचारायचा, "वकील साब, दे दो, एक हफ्ते में पूरा करता हूँ." मी नको म्हणायचो. त्याला वाटायचं मला त्याच्या हाताचा भरवसा नाही. तसं नव्हतं. तो पुरा झाला की तुमचं माझं काही राहिलंच नसतं. जोवर तो अर्धा होता तोवर तुम्ही मला काहीतरी देणं लागत होतात, आणि देणं लागणारा माणूस, बाबा, पूर्ण गेलेला नसतो. निदान मी तसं धरून चाललो होतो. कायद्याच्या माणसाला असलं खूळ शोभत नाही, पण घरात कोण बघतंय.

बघणारी होती. तुमची नात. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. इथेच जन्मली, इथेच वाढली, उंची तुमच्या घराण्याची, जीभ आईची. इंग्लंडला कायदा शिकून आली आणि आता लंडनला एका फर्ममध्ये लागतेय. महिन्यापूर्वी एका शनिवारी सकाळी आंबोळ्या खाता खाता ती म्हणाली, "पपा, आजोबांचा कोट. कॅन आय हॅव इट? फॉर वर्क." मी म्हटलं, तो पुरुषी कोट आहे, अर्धा आहे. "सो? ओव्हरसाइज्ड चालतं. पूर्ण करून घेऊ." मी म्हटलं, तो त्यांनी माझ्यासाठी घेतला होता, त्यांनीच पुरा करायचा होता, ते त्यांचं माझ्याकडचं बंधन आहे. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही, खुर्चीवर मांडी घालून बसली. तिला वाद मिळाला की ती मांडी घालते.

"इट वॉज नेव्हर अ कॉन्ट्रॅक्ट, पपा. तुम्ही त्यांना काय दिलं बदल्यात? नथिंग. नो कन्सिडरेशन."

"ते तुझ्या इंग्लंडात. इथे एकट्याचा शब्दही बांधू शकतो."

"ओके. मग ती भेट होती. आणि इथल्या लॉमध्ये भेट हातात पडेपर्यंत भेट होत नाही. ही डाइड बिफोर डिलिव्हरी. खलास."

मी म्हटलं, मग तो कोट माझ्याकडे आला कसा? "वारसा," ती म्हणाली, हा शब्द तिने मराठीत म्हटला, बहुधा मला जरा बरं वाटावं म्हणून. "आणि समजा बंधन होतं. तुम्ही त्यांचे वारस. आजी पण गेली. मग देणारे तुम्ही, घेणारे पण तुम्ही. दोघं एक झाले की ऑब्लिगेशन संपतं. तुम्हीच शिकवलंय मला हे, मी ट्वेल्थला होते तेव्हा."

"म्हणजे माझा कोट आता मीच मला शिवायचा?"

"किंवा तुमचा हक्क वेव्ह करा. जस्ट रिलीज हिम, पपा." ती आता हळू बोलत होती. "त्यांना माफ करून टाका ना."

तुमची सून तव्यापासून म्हणाली, आंबोळी गार होतेय, कोर्ट उठवा. पण पोरीने माझे सगळे दरवाजे एकेक करून बंद केले होते, आणि तिच्या म्हणण्यात एकही चूक मला सापडत नव्हती. शिवाय ती जाणार होती. इतकी वर्षं मी परदेशातल्या बापाचा मुलगा होतो, आता परदेशातल्या मुलीचा बाप होणार होतो. तिच्या अंगावर कोट गेला तर तुमचं देणं मिटणार. नाही गेला तर ती माझ्या घरातून आपल्या आजोबांचं काहीही न घेता जाणार. पुढचा आठवडाभर मी ऑफिसात सह्यांच्या जागा चुकवत होतो. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी तिला म्हटलं, चल, यल्ला, तुझा विचार बदलायच्या आत.

करामात पार्किंग मिळेपर्यंत ती कोट मांडीवर घेऊन बसली होती, झोपलेलं पोर घ्यावं तसा. कारागीर आता पार म्हातारा झालाय, चष्मा दोरीला बांधलेला, पण कोट टेबलावर पडला तशी त्याची पाठ सरळ झाली. त्याने आधी अस्तर उलटलं, मग कॅनव्हासवरून अंगठा फिरवला, मग शिलाईच्या आत सोडलेली माया चिमटीत धरून मोजली आणि म्हणाला की मास्टरने कापड भरपूर ठेवलंय, बिटिया को आराम से आ जायेगा. माझ्या पोरीला त्याने स्टुलावर उभं केलं. खांद्यावर कोट टाकला, मागे सरकून बघितलं, आणि हसायलाच लागला. मी विचारलं, काय झालं?

"कुछ नहीं, वकील साब. यही कंधा है ना? मास्टर जिंदगी में किसी को दो ट्रायल से ज्यादा नहीं देता था. और तुम्हारा कोट हर जुम्मे को उखाडता था. मैं बोला, मास्टर, कंधा तो पहले दिन से बैठा है, क्यूं लडके को सताते हो? तो बोला, तू चुप बैठ. एक बार कोट पहन के निकल गया, तो फिर मेरे पास खडा कौन रहेगा?"

तो हे सहज बोलला आणि टाचण्यांची डबी शोधायला वळला. त्याला वाटलं असणार मला ठाऊक आहे. पोरीने स्टुलावरून माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं, आईसारखी ती अशा वेळी शहाणी असते. मी दुकानाबाहेर आलो. समोर भाजीवाल्याकडे कडीपत्ता घेतला, घरी होता तरी घेतला.

बाबा, गिऱ्हाइकाला तुम्ही कधी इन्शाल्ला म्हटलं नाहीत. रोल्लातले बाकीचे सगळे म्हणायचे, इन्शाल्ला परसों, इन्शाल्ला संडे. तुम्ही वार सांगायचात आणि त्या वारी कपडा द्यायचात. मला एकदा म्हणाला होतात की देवाला मध्ये घातलं की शिंपी मोकळा होतो. आणि मला, एकट्या मलाच, दर वेळी तेच उत्तर मिळायचं. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नाही. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते शोधा असं मी रोज कुणालातरी सांगतो, आणि तुमच्या एका वाक्याचा अर्थ मात्र मी शाळेतल्या पोरासारखा लावून ठेवला होता. मी म्हणत राहिलो, बाबांनी कोट द्यायचा होता, दिला नाही. तुम्ही काय द्यायला बसला होतात ते त्या म्हाताऱ्याने दोन वाक्यांत सांगितलं. तुम्ही ते दर शुक्रवारी देत होतात. सगळं बालपण राहिलेलं, ते तुम्ही हप्त्याहप्त्याने देत होतात, आणि मी आरशात लेपल बघत होतो.

कोट आता झालाय. बाहीला बाही लागली, काजं झाली, बटणं म्हाताऱ्याने स्वतःच्या जुन्या डबीतली लावली, पैसे घेतले नाहीत. परवा पोर तो घालून विमानतळावर निघाली, बाहेर भट्टी पेटल्यासारखा उन्हाळा, आणि ही लोकरीच्या कोटात. आई म्हणाली, अगं बॅगेत घाल. ती म्हणाली, "नो, चुरगळेल." आत जाताना तिने मागे वळून हात केला. खांदा चांगला बसलाय, बाबा. तुम्हालाही त्यात खोट काढता आली नसती.

घरी आल्यावर मला वाटलं, आता रीतीप्रमाणे ते माफीचं कामही उरकावं. पोर म्हणाली तसं. आमच्या धंद्यात त्याला काही फार लागत नाही. घेणाऱ्याने एका ओळीत लिहायचं की माझं अमक्याकडे आता काही येणं नाही, मी त्यांना मोकळं केलं. इथला कायदा एवढंच म्हणतो की समोरच्याने ती माफी नाकारली तर ती टिकत नाही. असे कागद मी लोकांसाठी चहा पिता पिता बनवतो. म्हणून मी हे लिहायला बसलो होतो, खरंतर त्या एका ओळीसाठी. बाकीचं सगळं लिहून झालं, ती ओळ तेवढी लिहवत नाही. कोट पुरा झाला, घेणारी घेऊन गेली, पोरीचे सगळे मुद्दे बरोबर आहेत, तुम्ही जे देऊ शकत होतात ते दिलंत हेही आता मला कळलंय. तरी मी तुम्हाला मोकळं करत नाही, बाबा. मला तुम्ही अजून हवे आहात.